सिनाईचा सेंट कॅथरीन मठ : एक पावती आणि दीड हजार वर्षांचे ग्रंथालय





काही दिवसांपूर्वी नववीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू असताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, जगातले सगळ्यात जुने ग्रंथालय कोणते, जे आजही उघडे आहे?" नालंदा आणि अलेक्झांड्रिया ही दोन नावे मुलांनी लगेच सांगितली, पण ती दोन्ही ग्रंथालये केव्हाच नष्ट झाली. आजही चालू असलेल्या अतिप्राचीन ग्रंथालयांत ज्याचे नाव नेहमी अग्रभागी असते, ते एका ख्रिस्ती मठात आहे आणि तो मठ इजिप्तमधील सिनाईच्या वाळवंटात आहे. त्या दिवशी आम्ही एवढेच सांगू शकलो. नंतर वाचत गेलो, तसतशी या मठाची हकिकत आपल्या शाळेच्याच एका जुन्या चुकीपाशी येऊन थांबली. म्हणून या अंकातील पाठ त्या मठावर.

मठ कोठे आहे?

नकाशा समोर घ्या. आफ्रिका आणि आशिया जेथे जोडले जातात, तेथे तांबड्या समुद्राच्या दोन फाट्यांमध्ये एक त्रिकोणी द्वीपकल्प दिसेल. तेच सिनाई. त्याच्या दक्षिण भागात ग्रॅनाइटचे उघडेबोडके डोंगर आहेत. त्यांतील जबल मुसा, म्हणजे मुसाचा डोंगर, २२८५ मीटर उंच आहे. परमेश्वराने मोझेसला दहा आज्ञा येथेच दिल्या, अशी श्रद्धा आहे. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान हे तिन्ही धर्म मोझेसला मानतात, मुसलमान त्यांना हजरत मुसा म्हणतात. याच डोंगराच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून पंधराशे मीटरहून अधिक उंचीवर, सेंट कॅथरीन मठ आहे. आपल्या मध्य प्रदेशातील सर्वात उंच शिखर, पचमढीचे धूपगड, सुमारे १३५० मीटर आहे. म्हणजे हा मठ धूपगडाच्या माथ्यापेक्षाही उंच जागी वसला आहे. हिवाळ्यात तेथे बर्फही पडते.

ऑर्थोडॉक्स म्हणजे काय, हेही समजून घेऊ. इ.स. १०५४ मध्ये ख्रिस्ती धर्मात रोमचा पश्चिमेकडील पंथ आणि कॉन्स्टँटिनोपलचा पूर्वेकडील पंथ यांच्यात फूट पडली, असे सामान्यतः मानले जाते. पूर्वेकडील पंथाला ऑर्थोडॉक्स म्हणतात. सिनाईचा मठ या ग्रीक ऑर्थोडॉक्स परंपरेतला आहे. केरळातही ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत, पण त्यांची शाखा वेगळी. ती याच्याही सुमारे सहाशे वर्षे आधी, पाचव्या शतकातील धर्मसभेच्या वादात वेगळी झाली होती.

मठ कसा उभा राहिला?

मोझेसला एक झुडूप पेटलेले दिसले, पण ते जळून जात नव्हते, आणि त्यातून देवाची वाणी ऐकू आली, अशी कथा बायबलमध्ये आहे. ते झुडूप याच दरीत होते, असे मानून चौथ्या शतकापासून साधू येथे येऊन राहू लागले. इ.स. ३८१ ते ३८४ च्या सुमारास इजेरिया नावाची एक स्त्री युरोपच्या पश्चिम टोकाकडून यात्रेला निघाली आणि येथपर्यंत पोहोचली. तिने आपल्या प्रवासाचे वर्णन लिहून ठेवले. त्यात येथील साधू, एक चर्च आणि ते झुडूप यांचा उल्लेख आहे. सोळाशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने केलेला एवढा प्रवास आणि त्याची लेखी नोंद, ही आमच्या मुलींनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

आज दिसणारा तट आणि मुख्य चर्च सम्राट जस्टिनियन याने बांधविले. त्याची कारकीर्द इ.स. ५२७ ते ५६५ अशी होती. मग बांधकाम नेमके कधीचे? येथे इतिहासकारांनी केलेला तर्क पाहण्यासारखा आहे. चर्चच्या छताच्या लाकडी तुळयांवर लेख कोरले आहेत. एका लेखात सम्राटासाठी प्रार्थना आहे, तर दुसऱ्यात सम्राज्ञी थिओडोराचा उल्लेख दिवंगत म्हणून आहे. थिओडोरा ५४८ साली वारली आणि जस्टिनियन ५६५ साली. म्हणजे छत या दोन सालांच्या मधलेच असले पाहिजे. तुळईवर कोरलेल्या एका शब्दावरून काळ ठरला. मुलांनो, इतिहासात पाठांतरापेक्षा असा विचार अधिक महत्त्वाचा असतो.

कॅथरीन हे नाव मठाला पुढे मिळाले. ही अलेक्झांड्रिया नगरीची संत. धर्मासाठी तिने प्राण दिले आणि देवदूतांनी तिचा देह सिनाईच्या शिखरावर आणून ठेवला, अशी आख्यायिका आहे. जवळचे २६०० मीटरहून उंच शिखरही तिच्याच नावाचे असून ते इजिप्तमधील सर्वोच्च शिखर आहे.

मुसलमानी राज्यात ख्रिस्ती मठ

सातव्या शतकात इजिप्त आणि सिनाई हा प्रदेश मुसलमानी सत्तेखाली आला. तरी मठ टिकला. मठाची परंपरा सांगते की, खुद्द पैगंबर महंमदांनी साधूंना संरक्षणाचे पत्र दिले आणि त्यावर आपल्या हाताचा ठसा उमटविला. त्या पत्राची प्रत मठात आहे. मूळ पत्र १५१७ नंतर ऑटोमन सुलतान सलीम पहिला याने आपल्या राजधानीत नेले, असे सांगतात. या पत्राच्या अस्सलपणाबद्दल अनेक अभ्यासक शंका घेतात. पण पुढच्या मुसलमान राज्यकर्त्यांनी मठाला दिलेली संरक्षणाची खरी फर्माने मठाच्या संग्रहात आहेत, याबद्दल वाद नाही. मठाच्या तटाच्या आत, चर्चच्या घंटाघराजवळच एक छोटी मशीद आहे. ती फातिमी खलिफांच्या काळातली असून तिच्यातील लाकडी व्यासपीठावर इ.स. ११०६ च्या सुमाराचा लेख आहे.

मठाची सेवा करणारे जबालिया बदाऊ हे लोकही मुसलमान आहेत. जस्टिनियनने मठाच्या रक्षणासाठी जी कुटुंबे येथे पाठविली, त्यांचेच आपण वंशज, असे ते सांगतात. बागेची निगा, पाहुण्यांची ने-आण, डोंगरावर वाट दाखविणे ही कामे ते पिढ्यान् पिढ्या करीत आले आहेत.

या परिस्थितीचा एक अनपेक्षित लाभ झाला. आठव्या आणि नवव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात देवचित्रे ठेवावीत की नाहीत, यावर मोठा वाद झाला आणि सम्राटांच्या हुकुमाने असंख्य जुनी चित्रे नष्ट झाली. सिनाई त्या वेळी त्यांच्या राज्याबाहेर असल्याने हुकूम येथे चालला नाही. म्हणून येथे सुमारे दोन हजार देवचित्रे आहेत आणि त्यांतील काही सहाव्या शतकातली आहेत. वितळविलेल्या मेणात रंग कालवून रंगविलेले येशूचे एक चित्र तर जगप्रसिद्ध आहे. त्यात चेहऱ्याची एक बाजू सौम्य आणि दुसरी कठोर दिसते. एका धर्माचा ठेवा दुसऱ्या धर्माच्या राज्यात सुरक्षित राहिला, ही गोष्ट आजच्या दिवसांत वारंवार सांगावी अशी आहे.

ग्रंथालय आणि पुसलेली अक्षरे

मठात तीन हजारांहून अधिक जुनी हस्तलिखिते आहेत. बहुसंख्य ग्रीक आहेत, शिवाय अरबी, सीरियाक, जॉर्जियन, स्लाव्ह अशा अनेक भाषांतली आहेत. १९७५ मध्ये उत्तरेकडील तटाच्या भागात साफसफाई करताना एक बुजलेली खोली सापडली आणि तिच्यातून हजाराहून अधिक हस्तलिखिते व तुकडे निघाले. आपल्याच घरात काय आहे, ते घरातल्यांनाच ठाऊक नव्हते!

पूर्वी लिहिण्यासाठी कातडे वापरीत. ते महाग असे. म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहीत, जसे आपण पाटी पुसून पुन्हा लिहितो. पण पाटीसारखे कातडे कोरे होत नाही, खालची अक्षरे अंधुक राहतात. १८९२ साली अॅग्नेस लुईस आणि मार्गारेट गिब्सन या स्कॉटिश जुळ्या बहिणी उंटावरून वाळवंट पार करून मठात आल्या. दोघींचे वय पन्नाशीला आलेले, विद्यापीठाची पदवी एकीकडेही नाही. अॅग्नेसबाईंनी सीरियाक भाषा घरीच शिकून घेतली होती. संत स्त्रियांच्या चरित्रांच्या एका मळक्या ग्रंथात खाली दुसराच मजकूर असल्याचे त्यांनी ओळखले. चिकटलेली पाने किटलीच्या वाफेवर धरून सोडविली आणि त्यांची छायाचित्रे घेतली. खालचा मजकूर म्हणजे चारही शुभवर्तमानांचे सीरियाक भाषेतील एक अतिप्राचीन भाषांतर निघाले. अलीकडच्या काळात वेगवेगळ्या रंगांच्या प्रकाशात छायाचित्रे काढून अशी पुसलेली अक्षरे शास्त्रज्ञांनी वाचली आहेत. असे दीडशेहून अधिक ग्रंथ एकट्या या मठात आहेत.

उसने की दान?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो.

१८४४ साली कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ नावाचे जर्मन विद्वान मठात आले. तेथे त्यांना चौथ्या शतकातील ग्रीक बायबलची पाने दिसली. ती टोपलीत जाळण्यासाठी टाकली होती, असे त्यांनी पुढे लिहिले. मठाला हे कधीच मान्य झाले नाही. ४३ पाने घेऊन ते लाइपझिगला परतले. १८५९ मध्ये ते रशियाच्या झारच्या आश्रयाने पुन्हा आले. या वेळी त्यांना ३४७ पाने दाखविण्यात आली. नक्कल करून परत करू, अशा बोलीवर ती पाने प्रथम कैरोला आणि नंतर सेंट पीटर्सबर्गला गेली. ती परत आलीच नाहीत. पुढे १८६९ मध्ये ती पाने झारला दान दिल्याच्या कागदावर सह्या झाल्या. त्या कोणत्या परिस्थितीत झाल्या, यावर आजही वाद आहे. १९३३ मध्ये सोव्हिएत सरकारने ती पाने एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकली. इंग्लंडमधील सामान्य लोकांनीही त्यासाठी वर्गणी दिली होती. आज ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मठाकडे उरली ती १९७५ च्या त्या खोलीत सापडलेली बारा पाने आणि काही तुकडे.

मात्र मठाने एक गोष्ट जपून ठेवली. पाने उसनी नेत असून ती परत करू, असे १८५९ साली टिशेनडॉर्फ यांनी स्वहस्ते लिहून दिलेली पावती! एवढ्या एका कागदामुळे दीडशे वर्षांनंतरही मठाचे म्हणणे जगाला ऐकून घ्यावे लागते. २००५ मध्ये लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई या चारही ठिकाणच्या संस्थांनी मिळून करार केला आणि २००९ मध्ये सर्व पाने संगणकावर एकत्र पाहण्याची सोय झाली. पाने मात्र जेथल्या तेथेच आहेत.

आता आमची चूक. आपल्या शाळेला लष्कर भागातील एका जुन्या वाड्यातून मोडी कागदांची दोन दप्तरे मिळाली होती. घर विकताना त्या कुटुंबाने ती रद्दीत न घालता विश्वासाने शाळेकडे सोपविली. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, मोडी वाचता येत नाही. काही वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक अभ्यासक आले. "महिनाभरात वाचून परत करतो," म्हणाले. आम्ही आनंदाने एक दप्तर काढून दिले. पावती घेतली नाही, नोंद केली नाही, त्यात किती कागद होते तेही मोजले नाहीत. ते दप्तर परत आले नाही. दिलेला पत्ता बदललेला निघाला. गेल्या वर्षी त्याच कुटुंबातील एक मुलगा शाळेत आला आणि आजोबांचे कागद पाहायला मिळतील का, असे त्याने विचारले. तेव्हा त्याला एकच दप्तर दाखविताना आमची मान खाली गेली. तो काही बोलला नाही. बोलला असता तर बरे वाटले असते.

वाळवंटात, वीजही नसलेल्या काळात साधूंनी पावती जपली आणि शहरात, कपाटे व कुलपे असताना आम्हाला ती घेणेही सुचले नाही. दोष त्या अभ्यासकाइतकाच आमचाही आहे.

आज मठाला भेट द्यायची तर

मठात जाण्यासाठी कैरोहून मोटारीने सात-आठ तास लागतात. शर्म अल-शेख येथील विमानतळाहून अंतर त्यापेक्षा कमी, साधारण तीन तासांचे आहे. मठ पाहुण्यांसाठी फक्त सकाळी काही तास उघडा असतो. शुक्रवार, रविवार आणि मोठ्या सणांना सहसा बंद असतो. म्हणून वेळ आधी विचारूनच निघावे. खांदे व गुडघे झाकतील असे कपडे हवेत. सिनाईच्या काही भागांबद्दल सरकारे सावधगिरीच्या सूचना काढतात, त्याही निघण्यापूर्वी पाहाव्यात.

आत गेल्यावर काय दिसते? ग्रॅनाइटचा भक्कम तट दिसतो. एके काळी त्याला जमिनीवरचा मोठा दरवाजा उघडा नसे. पाहुण्याला दोराने वर ओढून घेत. मुख्य चर्चमध्ये सहाव्या शतकातील रंगीत खड्यांचे भित्तिचित्र आहे. चर्चमागे जळत्या झुडपाचे देवघर आहे. तेथे पादत्राणे काढून जावे लागते, कारण मोझेसला त्या जागी तशीच आज्ञा झाली होती. हा नियम आपल्याला कोणी शिकवायला नको! ते झुडूप म्हणून दाखविले जाणारे काटेरी रोप बाहेर भिंतीलगत आहे. त्याची पाने तोडू नयेत. संग्रहालयात निवडक देवचित्रे व ग्रंथ पाहायला मिळतात. २०१७ मध्ये नूतनीकरणानंतर ग्रंथालय पुन्हा उघडले, पण हस्तलिखिते अभ्यासकांनाच परवानगीने मिळतात. बाहेर बागेत अस्थिगृह आहे. दफनभूमी लहान असल्याने जुन्या साधूंच्या अस्थी काढून तेथे रचून ठेवतात.

पुष्कळ यात्रेकरू रात्रीच जबल मुसा चढू लागतात आणि सूर्योदय शिखरावरून पाहतात. साधूंनी रचलेल्या सुमारे ३७५० दगडी पायऱ्यांची एक वाट आहे. दुसरी वाट लांबची पण सोपी असून तिच्यावर उंट मिळतात. वर थंडी फार असते.

आज मठात साधू वीस-पंचवीसच्या आसपास आहेत. २००२ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा म्हणून घोषित केला. पण अडचणी संपलेल्या नाहीत. २०२१ पासून इजिप्त सरकारने या भागात हॉटेले व रस्त्यांचे मोठे पर्यटन काम सुरू केले आणि त्यामुळे दरीची शांतता जाईल, अशी चिंता व्यक्त झाली. २८ मे २०२५ रोजी इजिप्तच्या एका न्यायालयाने निकाल दिला की, जमीन सरकारची असून साधूंना ती वापरण्याचा हक्क आहे. ग्रीस देशाने आणि ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंनी यावर काळजी दाखविली. मठाचे पावित्र्य अबाधित राहील, असे इजिप्त सरकारने सांगितले. त्याच वर्षी पन्नासहून अधिक वर्षे मठाचे प्रमुख असलेले आर्चबिशप दमियानोस पायउतार झाले आणि सिमिऑन हे नवे आर्चबिशप झाले. मठाची सर्वात जुनी भिंत ग्रॅनाइटची असली, तरी त्याचा हक्क शेवटी कागदावरच उभा आहे.

शाळेपुरते सांगायचे तर

विश्वस्त मंडळींना आमची नम्र विनंती आहे की, शाळेकडे आलेल्या प्रत्येक जुन्या वस्तूची नोंदवही या सत्रापासून सुरू करावी. कोणी दिले, कधी दिले, दान की ठेव, किती पाने, हे सर्व तीत लिहावे आणि सही घेतल्याशिवाय कागद बाहेर जाऊ नये. नोंदवहीच्या पहिल्या पानावर हरवलेल्या दप्तराची नोंद आम्ही स्वतः, आमच्या सहीने करू. पालकांपैकी कोणाच्या घरी मोडी वाचणारे वडीलधारे असतील, तर उरलेल्या दप्तरासाठी शनिवारी तासभर द्यावा. मुलांना शिकविता आले तर फारच उत्तम, आम्हीही मागच्या बाकावर बसू.

स्वाध्याय

१. चर्चच्या छताचा काळ तुळयांवरील लेखांवरून कसा ठरविला? आपल्या शब्दांत लिहा.
२. मठातील देवचित्रे नष्ट होण्यापासून कशी वाचली?
३. ग्रीक बायबलची पाने मठाला परत मिळावीत की लंडनमध्येच राहावीत? दोन्ही बाजू मांडून आपले मत द्या.
४. आपल्या घरातील सर्वात जुना लेखी कागद शोधा. तो कोणाचा, कोणत्या लिपीत, कोणत्या सालचा, हे घरातील मोठ्यांना विचारून लिहून आणा. कागद मात्र घरीच सांभाळून ठेवा!

आपला स्नेहांकित,
प्राचार्य